भविष्यासाठी मुलं घडवणारी शाळा आणि तिचा मुख्याध्यापक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुख्याध्यापकांकडून, शिक्षकांकडून आणि मधूनमधून पालकांकडूनही तेच तेच प्रश्न येत राहतात, शब्द वेगळे असतात पण गाडी फिरून तिथेच येते, म्हणून सगळे एका जागी घेतलेत. मी काही वर्षं मुख्याध्यापिका होते, नंतर बाकीच्या शाळांच्या मुख्याध्यापकांबरोबर बसायला लागले, त्यामुळे उत्तरांत माझी मतं भरपूर आहेत, ती मतं म्हणूनच वाचा. जिथे अभ्यास झालेत तिथे तसं सांगितलंय. सलग वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा, एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. दूरदृष्टीचं नेतृत्व म्हणजे नक्की काय हो? आमच्या गेटवरच व्हिजनचा मोठा बोर्ड आहे, तो पुरत नाही का?

बोर्ड असू दे, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण मला एखाद्या शाळेचं व्हिजन बघायचं असलं की मी टाइमटेबल मागते. कशाला किती तास दिलेत, अडचण आली की कुठला पिरियड सगळ्यात आधी बळी जातो, शिक्षकांना एकत्र बसायला आठवड्यात तासभर तरी आहे का, हे सगळं त्या एका कागदावर दिसतं. बोर्डवर 'सर्जनशील विद्यार्थी' लिहिलेलं असतं आणि लायब्ररीचा तास वर्षभर गणिताच्या सरांनी पोर्शन संपवायला घेतलेला असतो, मग शाळेचं खरं व्हिजन काय ते टाइमटेबलनेच सांगितलं ना.

आज पहिलीत असलेलं मूल शाळेतून बाहेर पडेल तेव्हा त्याला काय काय यायला हवं ते डोळ्यासमोर ठेवून या सोमवारचे निर्णय घेणं, माझ्यासाठी दूरदृष्टी म्हणजे एवढंच. पुढचं चित्र बहुतेकांकडे असतं, गाडं अडतं ते सोमवारी. मी स्वतः पहिल्याच सुट्टीत राबून मोठं व्हिजन डॉक्युमेंट लिहिलं होतं, दोन वर्षांनी कपाट आवरताना ते सापडलं, मधल्या काळात ते कुणी उघडलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

२. शिकवतात तर शिक्षक. मुख्याध्यापक चांगला असला-नसला तर मुलांच्या शिकण्यात खरंच एवढा फरक पडतो का?

पडतो, आणि हे मोजून झालंय. २०२१ मध्ये अमेरिकेत वॉलेस फाउंडेशनसाठी ग्रिसम, एगालाइट आणि लिंडसे या तिघांनी २० वर्षांतलं संशोधन एकत्र तपासलं. त्यांचा हिशोब असा की शंभर मुख्याध्यापक क्रमाने लावले आणि खालून पंचविसावा जाऊन त्याच्या जागी पंचाहत्तरावा आला तर शाळेतल्या सरासरी मुलाची वर्षभरात गणितात साधारण २.९ महिन्यांची आणि वाचनात २.७ महिन्यांची जादा प्रगती होते. एका वर्गातल्या एका मुलावर शिक्षकाचा परिणाम याहून थोडा जास्तच असतो, पण शिक्षकाचा परिणाम त्याच्या वर्गापुरता आणि मुख्याध्यापकाचा अख्ख्या शाळेवर, त्यामुळे एकाच माणसावर लक्ष द्यायचं ठरवलं तर कुणावर द्यायचं ते उघड आहे.

मात्र हा परिणाम थेट होत नाही, शिक्षकांमार्फत होतो. मुख्याध्यापकाने कितीही जोरदार भाषण केलं तरी सातवी ब मध्ये अपूर्णांक शिकवायला वेगळंच माणूस उभं असतं.

३. दहा-पंधरा वर्षांनी कुठल्या नोकऱ्या असतील तेच कुणाला माहीत नाही, मग तयारी करायची तरी कशाची?

आधी एक जाळं साफ करू. 'आज शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांच्या नोकऱ्या अजून जन्मालाच आलेल्या नाहीत' हे वाक्य तुम्ही कुठल्यातरी सेमिनारमध्ये ऐकलं असणारच. त्याचा उगम शोधायला लोक गेलेत आणि त्यामागे भक्कम अभ्यास काही सापडलेला नाही, तरी स्लाइडवरून स्लाइडवर ते फिरतंच आहे. तसंच २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑसबॉर्न यांनी अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्यांना ऑटोमेशनचा मोठा धोका आहे असं म्हटलं, आणि २०१६ मध्ये ओईसीडी या बहुतांश श्रीमंत देशांच्या संघटनेच्या अभ्यासात आकडा आला सरासरी ९ टक्के, कारण त्यांनी अख्खी नोकरी न धरता नोकरीतली कामं वेगवेगळी मोजली. म्हणजे मोजायची पद्धत बदलली की भविष्य बदलतं! असल्या आकड्यांवर शाळेचा अभ्यासक्रम उभा करू नये.

त्यातल्या त्यात टिकाऊ काय आहे ते बघा. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२५ च्या नोकऱ्यांवरच्या अहवालात कंपन्यांनी सगळ्यात वर ठेवलेलं कौशल्य आहे विश्लेषण करून विचार करणं, दहातल्या सात कंपन्यांना ते अत्यावश्यक वाटतं. त्याच्या मागोमाग चिवटपणा, लवचिकपणा, नेतृत्व. यात नवीन काय आहे सांगा? नीट वाचता येणं, आकडा दिसला की त्याला प्रश्न विचारता येणं, आपलं म्हणणं लिहून मांडता येणं, चुकलं तर परत बसून करणं, न पटणाऱ्या माणसाबरोबरही काम करता येणं. दूरदृष्टी म्हटलं की लोकांना रोबोटिक्स लॅब दिसते, मला आठवीतलं ते मूल दिसतं ज्याला एक पान वाचून त्यातलं मत कुठलं आणि माहिती कुठली ते वेगळं करता येत नाही.

४. म्हणजे पाठांतर, माहिती वगैरे बंद करून फक्त स्किल्स शिकवायची का? माहिती तर गुगलवर मिळतेच.

नाही नाही. हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांवर एक छान प्रयोग केला होता, मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि मग मैदानाच्या मॉडेलवर लाकडी बाहुल्या हलवून काय झालं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉलचा गंध नसलेल्या मुलांच्या पुढे गेली. विचार करायला डोक्यात काहीतरी माल लागतोच, रिकाम्या जात्यावर पीठ पडत नाही.

गुगलवर सगळं मिळतं हे खरं, पण काय शोधायचं आणि समोर आलेलं खरं वाटतंय का हे कळायला आधी थोडं माहीत असावं लागतं. त्यामुळे मुख्याध्यापकाने 'पाठांतर की स्किल्स' या भांडणात पडूच नये. पाढे पाठ हवेतच, त्या पाढ्यांनी पुढे काय करायचं तेही हवं. विचारायचंच असेल तर शिक्षकांना हे विचारा की या धड्यातलं काय मुलाला पाच वर्षांनीही आठवायला हवं, आणि बाकीचं आपण कमी करू शकतो का. वेळ तिथून निघतो.

५. पटलं. पण सुरुवात कुठून करू? पहिल्या वर्षी नेमकं काय?

शिक्षकांना एकत्र शिकायला ठरलेला वेळ द्या. पहिल्या वर्षी दुसरं काही नाही केलंत तरी चालेल.

याला आधार आहे. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये २७ अभ्यास एकत्र केले आणि मुख्याध्यापक जे जे करतात त्याचे पाच गट करून मुलांच्या शिकण्याशी ताडून पाहिले. सगळ्यात मोठा परिणाम (संशोधक ज्या मापात परिणामाचा आकार मोजतात त्यात ०.८४, म्हणजे बराच मोठा) आला तो शिक्षकांच्या शिकण्याला चालना देण्याचा आणि त्यात मुख्याध्यापकाने स्वतः भाग घेण्याचा. उद्घाटनाला येऊन दीपप्रज्वलन करून ऑफिसात जाण्याला भाग घेणं म्हणत नाहीत, शेवटपर्यंत बसावं लागतं, आणि कधीकधी सगळ्यांसमोर 'हे मला येत नाही' असं म्हणावंही लागतं.

प्रत्यक्षात कसं करायचं तर जपानी शाळांचा 'जुग्यो केंक्यू' बघा, शंभराहून जास्त वर्षं चाललेली पद्धत आहे. चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ बारकाईने तयार करतात, एकजण तो खऱ्या वर्गात शिकवतो, बाकीचे मागे उभं राहून मुलांकडे बघतात, शिक्षकाकडे नाही, मुलांकडे. कुठे चेहरे कोरे झाले, कुठल्या प्रश्नाला वर्ग जागा झाला. मग बसून चर्चा आणि पाठ सुधारायचा. एका सत्रात एका गटाचा असा एक पाठ झाला तरी पुष्कळ. वेळ कुठून आणायचा? स्टाफ मीटिंगमध्ये ज्या सूचना वाचून दाखवता त्या मेसेजवर टाका, तो तास मोकळा झाला. आणि तो तास प्रॉक्सीने, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळण्यात, खाल्ला जाऊ देऊ नका, एकदा गेला की गेलाच समजा.

६. मी वर्गात जाऊन बसलो की शिक्षकांना वाटतं इन्स्पेक्शनला आलो. फेऱ्या मारणं बंद करू का?

नुसत्या फेऱ्या असतील तर खुशाल बंद करा. ग्रिसम, लोब आणि मास्टर यांनी मायामी भागातल्या साधारण १०० मुख्याध्यापकांच्या मागे माणसं लावून त्यांचा दिवस मिनिटामिनिटाने नोंदवला होता, २०१३ मध्ये ते छापून आलं. एक म्हणजे शिकवण्याशी संबंधित कामाला मुख्याध्यापकाचा जेमतेम आठवा हिस्सा वेळ जात होता. दुसरं जास्त मजेशीर, शिक्षकाबरोबर बसून कोचिंग करण्यात गेलेल्या वेळेचा मुलांच्या प्रगतीशी चांगला संबंध दिसला, आणि वर्गात डोकावून जाण्याचा संबंध उलटा दिसला, विशेषतः हायस्कूलमध्ये. कारण बहुधा हे की बऱ्याच ठिकाणी हे डोकावणं शाळा सुधारायच्या कुठल्या मोठ्या कामाचा भागच नव्हतं.

म्हणून कमी वर्ग बघा पण पूर्ण तास बसा, त्याच दिवशी दहा मिनिटं बोला, आणि बोलताना फॉर्म टेबलावर ठेवू नका. माझा ठरलेला पहिला प्रश्न असायचा, 'आज तुम्हाला कुठलं मूल हाताला लागलं नाही असं वाटलं?' याचं उत्तर द्यायला शिक्षकाला भीती वाटत नाही कारण त्यात त्याची परीक्षा नसते. आठवड्याला दोन वर्ग जमले तरी वर्षात किती होतात बघा.

७. टॅबलेट, स्मार्ट बोर्ड घेतले की शाळा फ्युचर रेडी होते ना? मॅनेजमेंटचं तरी तसंच म्हणणं आहे.

आधी कळस मग पाया असं होतं ते. पेरू देशात सरकारने मुलागणिक लॅपटॉप या योजनेत लाखो लॅपटॉप वाटले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांत जाऊन तपासणी केली, २०१२ मध्ये अहवाल आला, गणितात आणि भाषेत काहीही फरक नाही. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं आणि लॅपटॉप घेऊन नेमका काय पाठ घ्यायचा हे शिक्षकांना पुरेसं कुणी दाखवलं नव्हतं. लॉस एंजेलिसमध्ये २०१३ साली प्रत्येक मुलाला आयपॅड द्यायची अब्जावधी डॉलरची योजना निघाली, मुलांनी काही दिवसांतच सिक्युरिटीला चकवा दिला (त्यात तरी सर्जनशीलता दिसली म्हणायची) आणि पुढच्याच वर्षी कंत्राट गुंडाळावं लागलं.

उलटं उदाहरण एस्टोनियाचं. छोटा, तेव्हा गरीब देश, १९९७ मध्ये 'टायगर लीप' सुरू केलं, त्यात शाळांना कॉम्प्युटर आणि इंटरनेट होतंच पण शिक्षकांचं प्रशिक्षण पहिल्यापासून त्याच योजनेचा भाग होतं. २०२२ च्या पिसा चाचणीत (पंधरा वर्षांच्या मुलांची अनेक देशांत एकत्र होणारी गणित, विज्ञान, वाचनाची चाचणी) युरोपात वरच्या नंबरांत एस्टोनिया आहे. फक्त कॉम्प्युटरमुळे आहे असं मी म्हणणार नाही, तिथल्या मुख्याध्यापकांना आणि शिक्षकांना काय आणि कसं शिकवायचं हे ठरवायची मोकळीकही मोठी आहे.

मॅनेजमेंटला एकच प्रश्न विचारा: हे यंत्र आल्यावर कुठल्या इयत्तेच्या कुठल्या धड्यात मूल असं काय करेल जे आज करता येत नाही? उत्तर आलं तर घ्या. उत्तर 'ॲडमिशन वाढतील' असं आलं तर तो जाहिरातीचा खर्च आहे, त्या खात्यात लिहा.

८. मग शाळेत मोबाइलवर सरसकट बंदी घालावी का?

मुलांच्या स्वतःच्या फोनवर तासाच्या वेळात हो, माझं मत स्पष्ट आहे. पिसा २०२२ मध्ये सरासरी ६५ टक्के मुलांनी सांगितलं की गणिताच्या निदान काही तासांना तरी डिजिटल साधनांमुळे लक्ष उडतं. मात्र त्याच चाचणीत, शिकण्यासाठी म्हणून दिवसाला तासाभरापर्यंत साधनं वापरणारी मुलं, अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा गणितात १४ गुणांनी पुढे होती. म्हणजे फोन दप्तरात आणि कामासाठी शाळेचं साधन, थोडा वेळ, कारण सांगून. नियम स्टाफलाही लावा, नाहीतर सगळं मुसळ केरात.

९. मुलं निबंध, प्रोजेक्ट सगळं चॅटजीपीटीवरून आणतात. एआय बंद करू की शिकवू?

हा सध्याचा नंबर एकचा प्रश्न, आणि याला एका ओळीचं उत्तर नाही. न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटी ब्लॉक केलं आणि मे महिन्यात तोच निर्णय मागे घेतला. एस्टोनियाने दुसरं टोक धरलं, सप्टेंबर २०२५ पासून दहावी-अकरावीच्या २० हजार मुलांना आणि ३ हजार शिक्षकांना घेऊन एआयचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि तिथेही शिक्षकांची तयारी आधी.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटलेला अभ्यास तुर्कस्तानातल्या हायस्कूलचा आहे, जवळजवळ हजार मुलं होती. गणिताच्या सरावाला एका गटाला साधं जीपीटी-४ दिलं, त्यांचे सरावातले मार्क ४८ टक्क्यांनी वाढले. मग एआय काढून परीक्षा घेतली तर तीच मुलं, ज्यांना एआय दिलंच नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाला दिलेलं एआय उत्तर न देता फक्त इशारे देईल असं बसवलं होतं, त्या मुलांचं हे नुकसान जवळपास झालंच नाही. साधन तेच, कसं दिलं त्यावर सगळं.

यावरून शाळेत काय करायचं ते मी असं सांगते. लहान वर्गांत लिहायला शिकत असताना एआय नको, पाय मजबूत व्हायच्या आधी कुबड्या कशाला. मोठ्या वर्गांत घरी करायच्या निबंधाला मार्क देणं कमी करा, वर्गात हाताने लिहिणं आणि तोंडी विचारणं वाढवा. पाच मिनिटं मुलाला त्याच्याच प्रोजेक्टबद्दल विचारलं की कुणी केलंय ते आपोआप कळतं. आणि एआयने लिहिलेलं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबून कुठल्याही मुलाला शिक्षा करू नका, ती सॉफ्टवेअर चुकतात, खोटा आळ आलेलं मूल ते विसरत नाही. शिक्षकांनाही आधी दोन-तीन महिने वापरून बघू द्या, प्रश्न ५ मधला तास त्याला लावा. आणि नियम लिहाल तो एक पानाचा असू दे, दर सहा महिन्यांनी बदलणारच आहे.

१०. फिनलंडने विषयच बंद केले म्हणे. आपण पण विषय काढून सगळं प्रोजेक्टवर न्यावं का?

बंद केलेले नाहीत. २०१५ मध्ये ही बातमी जगभर फिरली आणि अजून फॉरवर्ड होते. फिनलंडच्या शाळांत ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात एवढंच आहे की प्रत्येक मुलाला वर्षातून निदान एक असा टप्पा मिळावा ज्यात अनेक विषय एकत्र येतात. गणित, इतिहास, भाषा जिथल्या तिथे आहेत. आणि हेही माहीत असू द्या की २००६ नंतर फिनलंडचे पिसाचे गुण बरेच घसरलेत, कारणांवर तिथेच वाद चाललेत. दुसऱ्याची शाळा बघायला जरूर जा, पण येताना त्यांचा प्रश्न घेऊन या, उत्तर आपलं आपण शोधा.

तुम्हाला प्रोजेक्ट करायचा असेल तर वर्षाला एक, पण जीव तोडून. आधी ज्ञान मग प्रोजेक्ट, का ते प्रश्न ४ मध्ये आहे.

११. या सगळ्यात परीक्षेचा निकाल घसरला तर? पालक आधी मार्क बघतात.

भीती खरी आहे, तिला हसू नका. पालकांनी मार्क बघणं यात चूक काहीच नाही, तुम्ही दुसरं काही दाखवतच नाही तर त्यांनी बघायचं काय.

सिंगापूर हे परीक्षेसाठी नावाजलेलं ठिकाण. तिथे २००५ पासून 'कमी शिकवा, जास्त शिकू द्या' असं धोरण आणलं, २०१९ पासून पहिली-दुसरीच्या परीक्षा काढल्या, २०२३ पर्यंत प्राथमिक-माध्यमिकच्या सगळ्या वर्गांच्या सहामाही परीक्षा काढल्या, आणि २०२२ च्या पिसामध्ये गणित, विज्ञान, वाचन तिन्हीत तोच देश पहिला. परीक्षा कमी केल्यामुळे पहिला आला असा अर्थ काढू नका, पण परीक्षा कमी केल्या की निकालाचा बोजवारा उडतो हेही त्यावरून दिसत नाही. त्यांनी हे एका रात्रीत केलं नाही, वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्याने केलं आणि दर वेळी कारण सांगितलं.

म्हणून बोर्डाच्या वर्गांना सगळ्यात शेवटी हात लावा. खालच्या वर्गांपासून सुरू करा, आणि पालक मीटिंगमध्ये भाषण देण्याऐवजी मुलाची वही दाखवा, जूनमधलं लिखाण आणि डिसेंबरमधलं लिखाण शेजारी शेजारी. वही बघितल्यावर वाद घालणारे पालक मला फार कमी भेटले.

१२. जुने शिक्षक ऐकतच नाहीत, 'आम्ही असे बरेच बघितले' म्हणतात. काय करावं?

खरंच बघितलेले असतात हो त्यांनी. दर दोन-तीन वर्षांनी नवा साहेब, नवी योजना, नवे फॉर्म, आणि नव्याचे नऊ दिवस संपले की सगळं गुंडाळलेलं. त्यांचा नकार हा आळस आहे असं धरून चाललात तर हरलात. आधी त्यांना विचारा की मागच्या योजनांमधली कुठली चांगली होती आणि ती का बंद पडली. उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

दुसरं, नवं काही द्यायच्या आधी जुनं काहीतरी काढा. एक रजिस्टर बंद केलंत तरी शिक्षक तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतील. तिसरं, सगळ्यांना एकदम ओढू नका, जे तीन-चार तयार आहेत त्यांच्याबरोबर सुरू करा, पण त्यांना 'आदर्श' म्हणून स्टेजवर चढवू नका, स्टाफरूममध्ये त्यांचं जगणं मुश्कील होतं, मी ही चूक करून बसलेली आहे. एखादा शिक्षक मुलांना त्रास देत असेल किंवा तासालाच जात नसेल तर तो वेगळा विषय, तिथे समजूत नाही, लेखी कारवाई.

१३. लर्निंग स्टाइल टेस्ट, ब्रेन मॅपिंग वगैरे पॅकेज विकायला लोक येतात. घ्यावं का?

नाही. 'हे मूल बघून शिकतं, ते ऐकून शिकतं' असे गट पाडून तसं शिकवल्याने फायदा होतो का हे २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी नीट तपासलं होतं, पुरेसा पुरावा मिळाला नाही. विकायला आलेल्याला दोन गोष्टी विचारा, हे न घेतलेल्या तशाच मुलांशी तुलना कुठे केली आहे, आणि आम्ही बंद केलं तर आमच्या शिक्षकांकडे काय शिल्लक राहील.

१४. आमची शाळा लहान, शिक्षक तीन, पैसे नाहीत. हे सगळं मोठ्या शाळांचं काम नाही का?

उलट तुम्हाला सोपं आहे. तीनच माणसं, एका टेबलाभोवती बसलात की झाली स्टाफ मीटिंग, निर्णय सोमवारी घेतला तर मंगळवारी वर्गात दिसतो. मोठ्या शाळेत तोच निर्णय चार समित्यांतून फिरत बसतो. दोन-तीन इयत्ता एकत्र बसवाव्या लागत असतील तर मोठ्या मुलांनी लहानांना शिकवणं हे सक्तीने होतंच, त्याला नीट आकार द्या, समजावून सांगताना सांगणाऱ्याचंच जास्त पक्कं होतं. तुमची खरी अडचण पैशापेक्षा एकटेपणाची असते, जवळच्या दोन-तीन शाळा मिळून प्रश्न ५ मधला गट करा.

१५. मी मुख्याध्यापक नाही, साधी शिक्षिका आहे. मला काही करता येईल का?

येईल. शेजारच्या वर्गातल्या बाईंना 'माझ्या तासाला येऊन मागे बसाल का' एवढं विचारा. परवानगी लागत नाही, ऑफ तास लागतो.

१६. शाळेत शिस्तच नाही, मुलं गैरहजर, चौथीच्या मुलांना वाचता येत नाही. अशा वेळी भविष्याच्या गप्पा माराव्यात का?

चांगला प्रश्न, आणि इथे मी वरची बरीच उत्तरं बाजूला ठेवते. घर पेटलेलं असताना रंग कुठला द्यायचा यावर चर्चा नको. आधी मुलं सुरक्षित आहेत का, शिक्षक वेळेवर वर्गात आहेत का, वाचन येतंय का, या तीन गोष्टी, आणि तिथे मुख्याध्यापकाने थोडं कडक, थेट सांगून काम केलं तरी चालतं, सगळ्यांची मतं घेत बसायची ही वेळ नसते. चौथीच्या मुलाला वाचायला शिकवणं हीच त्याच्या भविष्याची सगळ्यात मोठी तयारी आहे. गडबड इथे होते की शाळा सावरल्यावरही काही मुख्याध्यापक त्याच कडक मोडमध्ये राहतात आणि शिक्षक कायम ऑर्डरची वाट बघायला शिकतात. साधारण वर्षभराने स्वतःला विचारा, मी आठवडाभर सुट्टीवर गेले तर काय बंद पडेल?

१७. योग्य दिशेने चाललोय हे मोजायचं कसं? भविष्य तर अजून आलेलंच नाही.

मार्क मोजा, ते सोडू नका. त्याच्या जोडीला मी तीन साध्या गोष्टी बघते. तासाला प्रश्न कोण विचारतं, फक्त शिक्षक की मुलंही, अर्धा तास मागे बसून रेघा मारल्या तरी मोजता येतं. मुलांनी खोडून परत लिहिलेलं काम वहीत किती आहे. आणि शाळा सोडून गेलेली मुलं काय म्हणतात, दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दहा-बारा मुलांना बोलावून 'आम्ही काय शिकवायला हवं होतं' असं विचारा, मन घट्ट करून ऐका. मला एकदा एका मुलीने सांगितलं होतं की तुमच्या शाळेत मला कधीच काही ठरवावं लागलं नाही, कॉलेजात पहिल्यांदा ठरवायची वेळ आली तेव्हा घाम फुटला. त्या एका वाक्यावर आम्ही पुढचं अख्खं वर्ष काम केलं, वार्षिक कार्यक्रमाचं बजेट मुलांच्या हातात दिलं, ते त्यांनी पहिल्या वर्षी बिघडवलंही.

१८. मुख्याध्यापक बदलला की सगळं बंद पडतं. हे कसं टाळायचं?

पूर्ण टळत नाही, खरं सांगते. शिकवण्यात खोलवर बदल दिसायला चार-पाच वर्षं लागतात आणि तोवर बऱ्याच ठिकाणी माणूस बदललेला असतो. जे टिकतं ते टाइमटेबलमध्ये बसलेलं असतं किंवा दोन-तीन शिक्षकांच्या हाडामासात गेलेलं असतं. म्हणून दुसऱ्या वर्षापासूनच कामं वाटा, नुसती कामं नाही, निर्णयही. शिक्षकांच्या गटाची बैठक एकदा तुम्ही नसताना होऊ दे, टाइमटेबल दुसऱ्या कुणालातरी बसवू दे. आणि नवीन येणाऱ्यासाठी जाडजूड फाइल लिहू नका, ती कपाटात जाते, मला माहितीये. त्याला पहिल्या आठवड्यात एखाद्या पाठाच्या चर्चेला नेऊन मागच्या बाकावर बसवा.